शालूच्या खोक्यावरचे नाजूक रोमन अक्षर आणि त्याच्या सोबतीची देवनागरी व कन्नड : सल्ला हवा आहे

शहापूर_डीटीपी :

सर्वांना नमस्कार. बेळगावात शहापूर भागात माझे डीटीपीचे लहानसे दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणे, बिलबुके, कार्यअहवाल अशी नेहमीची कामे मी गेली बरीच वर्षे करीत आलो आहे. परंतु या वेळी घरातलेच एक काम आले आणि त्यात मी पुरता अडकलो आहे. माझी मावसबहीण हातमागाच्या साड्यांचे दुकान काढीत आहे. साडीचे खोके, किमतीची चिठ्ठी, कापडी पिशवी आणि दुकानाची पाटी ही चारही कामे तिने माझ्यावर सोपवली आहेत. तिने मोबाइलवर परदेशी फॅशन मासिकांची मुखपृष्ठे दाखवली आणि ‘अक्षर असेच पाहिजे’ असा हट्ट धरला. ज्या अक्षरांच्या उभ्या रेघा चांगल्या भरदार असतात, आडव्या रेघा केसाइतक्या बारीक असतात आणि टोकांना सरळ, पातळ पट्ट्या असतात, ते हे वळण.

मी प्रथम प्लेफेअर डिस्प्ले हा टंक (फॉन्ट) वापरून पाहिला, पण तिला तो पुरेसा नाजूक वाटला नाही, म्हणून बोडोनी मोडा घेतला. पडद्यावर तो इतका देखणा दिसला की, आपल्याला हे आधी का सुचले नाही असे मला वाटले. पुढे खाकी पुठ्ठ्याच्या खोक्यावर स्क्रीन प्रिंटिंगने नमुना काढला तेव्हा मात्र ‘शालू’ या रोमन लिपीतल्या नावातील एच (h) आणि यू (u) या दोन्ही अक्षरांच्या कमानी तुटल्या. उरल्या त्या नुसत्या उभ्या काठ्या. खोक्याच्या तळाशी सात पॉइंटात घातलेली धुण्याविषयीची सूचना तर ठिपक्यांच्या रांगोळीसारखी झाली आहे.

दुसरी अडचण देवनागरीची. त्याच खोक्यावर मराठीत ‘शालू’ लिहिले की रोमनपुढे ते जाड, मठ्ठ दिसते. म्हणून मी देवनागरी अक्षरांची बाह्यरेषा काढून शिरोरेषा हाताने बारीक केली. परिणाम असा झाला की, वाळत घातलेले कपडे दिसावेत आणि दोरीच दिसू नये. तिसरी अडचण कन्नडची, ती पाटीवर येणारच आहे. तिच्याविषयी मला काहीच सुचत नाही. या तीन लिप्या एकमेकींना शोभतील असे काही करता येईल का, की हा हट्टच सोडून द्यावा?

टिळकवाडीहून_पुण्यात :

हट्ट सोडू नये, मात्र तो कोठे पुरवायचा हे ठरवावे लागेल. मी मूळचा बेळगावचाच असून सध्या पुण्यात वेष्टनांच्या आरेखनाचे काम करतो. आपल्याला आलेली अडचण या वळणाच्या जन्मापासूनची आहे, त्यामुळे थोडे मागे जाऊन सांगतो.

अठराव्या शतकाच्या मध्यास बर्मिंगहॅममध्ये जॉन बास्करव्हिलने अक्षरांतील जाड आणि बारीक रेघांमधला फरक वाढवला. पण त्याआधी त्याने गुळगुळीत कागद, स्वतः बनवलेली गडद शाई आणि छापलेला कागद गरम पत्र्यांमध्ये दाबण्याची रीत या गोष्टी साधून घेतल्या होत्या. ही अक्षरे वाचकांचे डोळे घालवतील, अशी तक्रार त्या काळीही झाली. तशी तक्रार करणाऱ्या एका गृहस्थासमोर बेंजामिन फ्रँकलिनने कॅसलन या दुसऱ्याच टंककाराच्या अक्षरांचा नमुना वरचे नाव फाडून बास्करव्हिलचा म्हणून ठेवला, तेव्हा त्या गृहस्थाने त्यातही डोळ्यांना त्रास देणारे दोष एकेक करून दाखवले. आपल्या ग्राहकांना नमुने दाखवताना ही गोष्ट मला नेहमी आठवते. पुढे पॅरिसमध्ये फिर्मिन दिदो आणि पार्मा येथे ड्यूकच्या छापखान्याचा प्रमुख जाम्बातिस्ता बोडोनी यांनी हा फरक टोकाला नेला. बोडोनी १८१३ मध्ये वारला आणि त्याच्या टंकांचा दोन खंडांचा नमुनाग्रंथ त्याच्या पत्नीने १८१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्या पानांवर अक्षराभोवती मोकळी जागा किती सोडली आहे, ते एकदा अवश्य पाहावे. या वळणाचा थाट निम्मा अक्षरात असतो आणि निम्मा त्या कोऱ्या जागेत. मासिकाच्या मुखपृष्ठावर ते उठून दिसते, याचे एक कारण तेथे ते मोठ्या आकारात आणि एकटे असते, हे आहे.

आता आपल्या तुटलेल्या कमानीकडे येऊ. समजा, अक्षराची चौकट हजार एककांची आहे आणि तिच्यात बारीक रेघ वीस एककांची आहे. साठ पॉइंटात ती रेघ १.२ पॉइंट, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर भरते. सात पॉइंटात तीच रेघ मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी उरते. स्क्रीनची जाळी एवढी रेघ धरूच शकत नाही, आणि खाकी पुठ्ठा शाई पिऊन टाकतो. खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून छापण्याच्या काळात प्रत्येक आकारासाठी अक्षर वेगळे कोरले जाई आणि लहान आकारात बारीक रेघ मुद्दाम जाड ठेवली जाई. संगणकावर आपण एकच बाह्यरेषा लहानमोठी करू लागलो आणि तो विवेक हरवला. तो परत आणण्याचे प्रयत्न झालेले आहेत : हार्पर्स बझार मासिकासाठी १९९० च्या दशकाच्या आरंभी जोनाथन हफलरने दिदोच्या वळणाचा जो टंक तयार केला, त्यात सात वेगवेगळ्या आकारांसाठी सात आवृत्त्या होत्या. आपण घेतलेल्या बोडोनी मोडातही ही सोय आहे. त्याच्या चल आवृत्तीत (व्हेरिएबल फॉन्ट) छपाईच्या आकारानुसार रेघ बदलणारा अक्ष ६ ते ९६ पॉइंट असा आहे. मला शंका आहे की, आपण मोठ्या आकाराची आवृत्ती उतरवून घेतली आणि तीच सर्वत्र वापरली. खोक्यावरचे नाव मोठ्या आवृत्तीत ठेवून पाहा. धुण्याची सूचना मात्र या कुळातील कोणत्याच टंकात लावू नका, साधा, समान जाडीचा टंक घ्या.

आणखी दोन गोष्टी छपाईविषयी. बारीक रेघेचे अक्षर चार रंगांच्या मिश्रणात कधीही छापू नये, कारण प्लेट केसभर हलली तरी रेघेला रंगीत सावली पडते. एकाच घट्ट शाईत छापावे. तसेच गडद पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर सोडायचे असेल, तर भोवतालची शाई आत सरकून रेघ गिळते, म्हणून तेथे एक पायरी जाड आवृत्ती घ्यावी.

देवनागरीसाठी इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन पाहावा. तो मुक्त परवान्याचा आहे, त्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही आहेत आणि जाड-बारीक फरक भरपूर आहे. माझ्या मते आपला प्रश्न त्याने सुटेल.

निपाणी_जुना_कंपोझिटर :

वरील प्रतिसादातील इतिहास आणि हिशेब मला मान्य आहेत. शेवटचा परिच्छेद मात्र मान्य नाही. मी निपाणीत खिळे जुळवण्यात उमेदीची वर्षे घालवली आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो, त्याबद्दल क्षमस्व.

रोमन अक्षरातला हा जाडबारीकपणा टोकदार निबाचा आहे. निब खाली ओढताना दाबली की फाकते आणि रेघ जाड होते. आडवी नेताना ती मिटलेली असते, म्हणून रेघ केसासारखी येते. देवनागरी बोरूने घडली. बोरूचे टोक तिरके कापलेले असते आणि तो कापही रोमन लेखणीच्या उलट दिशेचा असतो. या तिरकेपणामुळे काना आणि शिरोरेषा, म्हणजे उभी आणि आडवी रेघ, दोन्ही साधारण सारख्याच भरीव येतात. बारीकपणा येतो तो वळणात, म्हणजे व, ब यांच्या पोटात जेथे रेघ उजवीकडून वर किंवा डावीकडून खाली वळते तेथे. खात्री करायची असल्यास घरातला आइस्क्रीमचा लाकडी चमचा तिरका कापून शाईत बुडवावा आणि ‘व’ काढून पाहावा. दोन मिनिटांचे काम आहे.

म्हणूनच आपण शिरोरेषा बारीक केली तेव्हा दोरी नाहीशी झाली. रोमन शब्दात आडव्या रेघेला फारसे काम नसते, तर देवनागरीत शब्द एकत्र धरण्याचे काम शिरोरेषाच करते. रोमनचा नियम देवनागरीवर लादला की पहिला घाव त्या रेघेवर बसतो. रोझा वन हा वाईट टंक आहे, असे मी म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जाहिरातींसाठी जी लठ्ठ अक्षरे निघाली, त्यांच्या जातीचा तो आहे आणि नाटकाच्या जाहिरातीवर किंवा मासिकाच्या मथळ्यात तो शोभेल. पण ताईंना नजाकत हवी आहे, आणि लठ्ठ अक्षर शालूवर घातले तर तो शालू न वाटता सतरंजी वाटेल.

माझी सूचना अशी की, जाडबारीकपणा जुळवण्याचा नाद सोडून रंग जुळवावा. येथे रंग म्हणजे शाईचा रंग नव्हे. डोळे किलकिले करून पाहिल्यावर शब्द जेवढा काळपट दिसतो, तेवढा. रोमन शब्द आणि मराठी शब्द शेजारी ठेवून कागद हातभर लांब धरावा आणि दोन्ही सारखेच करडे दिसेपर्यंत मराठीचा आकार आणि वजन बदलत राहावे. यासाठी बोरूचे वळण ज्याने सांभाळले आहे असा टंक हवा. टायरो देवनागरी मराठी हा मुक्त टंक मला त्या दृष्टीने योग्य वाटतो. त्याची वळणे पुस्तकी आहेत, रेघ जिवंत आहे आणि एका गोष्टीत तो आपल्या या शब्दासाठी जणू मुद्दाम केलेला आहे.

ती गोष्ट अशी. ‘शालू’ या शब्दात श आणि ल ही दोन्ही अक्षरे येतात, आणि नेमकी हीच दोन अक्षरे मराठीत व हिंदीत वेगवेगळ्या वळणांची आहेत. मराठीला पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हवा. महाराष्ट्र शासनाच्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही हीच रूपे सांगितली आहेत. बहुसंख्य टंकांत आपोआप हिंदी रूपे येतात. काही टंकांत मराठी रूपे आत दडलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच ती दिसू लागतात. आपल्या पिशवीवर हिंदी वळणाचा, दंडाचा ल उमटला, तर सामान्य गिऱ्हाईक काही बोलणार नाही. परंतु शहापूर-वडगावातील जी आजी मराठी शाळेत पाटीवर अक्षर गिरवून शिकली आहे, तिला काहीतरी परके वाटेल आणि काय ते तिला सांगता येणार नाही. ल खालचा दीर्घ उकारही तपासावा. खिळ्यांच्या काळात तो आमचा वैरी होता : खिळ्याच्या बाहेर आलेला त्याचा शेपटा ठोकताना मोडायचा, आणि मग लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या आडनावाचा उकार गायब झाला म्हणून मालकाची बोलणी आम्ही खायची. संगणकावर तो मोडत नाही, पण ओळींमधील अंतर कमी ठेवले तर खालच्या ओळीला टेकतो.

शहापूर_डीटीपी :

दोघांचेही मनापासून आभार. चमच्याचा प्रयोग मी काल रात्री करून पाहिला. ‘व’ च्या पोटातील बारीक जागा आपण सांगितली तेथेच आली आणि माझा मुलगा त्यानंतर तासभर अक्षरे काढीत बसला. बोडोनी मोडाविषयीची शंकाही खरी निघाली. मी ९६ ची आवृत्तीच सगळीकडे वापरीत होतो. आता पाटीविषयी कोणी सांगेल काय? बहीण म्हणते की, पाटीवरही तेच नाजूक अक्षर हवे आणि रात्री ते आतून उजळले पाहिजे.

कुंचला_ते_फ्लेक्स :

मी खानापूरचा. पूर्वी पाट्या रंगवीत असे, आता फ्लेक्स आणि अॅक्रिलिक अक्षरे करून देतो. पाटीचा विचार कन्नडपासून सुरू करावा, कारण २०२४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीवरील ६० टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो आणि तोही वरच्या बाजूस. खोक्यावर रोमन अक्षर राजा असेल; पाटीवर ते तिसऱ्या ओळीत आणि लहान असणार. म्हणजे ज्या अक्षराचा सगळा डौल मोठ्या आकारात आहे, त्यालाच पाटीवर सर्वांत लहान जागा मिळणार. हे ताईंना आत्ताच सांगून ठेवावे. पाटी चढल्यावर सांगण्यात अर्थ नाही.

कन्नडला सलग शिरोरेषा नाही. बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर वेगळा तलकट्टू, म्हणजे छोटी सुटी रेघ, असतो आणि बाकी सारे अंग गोल असते. त्यामुळे मराठीसारखी ओळ वरून बांधलेली दिसत नाही, मण्यांच्या माळेसारखी दिसते. जोडाक्षरातले दुसरे व्यंजन खाली बसते. आपण पाटीवर हातमाग या अर्थी ‘कैमग्ग’ लिहिणार असाल, तर दुसरा ग ओळीच्या खाली उतरेल आणि मराठी ओळीच्या वेलांट्यांना व मात्रांना भिडेल. कन्नड ओळीखाली मोकळी जागा जास्त सोडावी लागते. ही चूक मी स्वतः एका औषधाच्या दुकानाच्या पाटीवर केली होती आणि ती पाटी पदरचे पैसे घालून पुन्हा करून दिली. टंकाविषयी म्हणाल, तर टायरोच्याच कुळात टायरो कन्नड आहे. मराठी टायरोमध्ये घेणार असाल तर कन्नडही त्याच घरातले घ्यावे, म्हणजे दोन्ही ओळींचे वजन जुळवण्यात वेळ जाणार नाही.

आता उजेडाविषयी. वरचाच हिशेब घेतला तर एक फूट उंचीच्या मोठ्या (कॅपिटल) रोमन अक्षरात बारीक रेघ जेमतेम आठ-नऊ मिलिमीटरची येते. ज्या अक्षराच्या पोटात दिवे बसवायचे, त्याचा प्रत्येक अवयव दिव्याच्या पट्टीपेक्षा रुंद असावा लागतो. नाही तर उभ्या रेघा झगमगतात, आडव्या अंधारात राहतात आणि एच पुन्हा दोन काठ्यांचा होतो, फक्त या वेळी विजेच्या खर्चासह. यावर उपाय असा की, अक्षर आतून उजळू नये. पितळी रंगाच्या पत्र्यात सपाट कापून भिंतीपासून इंचभर पुढे बसवावे आणि वरून उजेड सोडावा. आणि फ्लेक्स टाळावा. उन्हाने फ्लेक्सचा रंग उडू लागला की आधी बारीक रेघच दिसेनाशी होते.

टिळकवाडीहून_पुण्यात :

रोझा वनविषयीची माझी शिफारस मी मागे घेतो. ‘शालू’ हा शब्द मी दोन्ही टंकांत काढून पाहिला आणि कंपोझिटरकाकांचे म्हणणे पटले. सतरंजी हा शब्द मात्र जरा लागला.

एक गोष्ट राहून गेली होती. आपण किमतीच्या चिठ्ठीसाठी प्लेफेअर डिस्प्लेकडे परत जाणार असाल (तो बास्करव्हिलच्या बाजूला झुकणारा असल्याने लहान आकारात बोडोनीपेक्षा तग धरतो), तर त्याचे अंक तपासा. आपोआप येणारे अंक जुन्या धाटणीचे, खालीवर होणारे असतात. वाक्यात ते सुंदर दिसतात, पण किंमत किंवा मोबाइल क्रमांक त्यांत लिहिला की अंक उड्या मारल्यासारखे वाटतात. टंकाच्या सोयींमध्ये एका उंचीचे अंक निवडता येतात.

शहापूर_डीटीपी :

आपण सर्वांनी सांगितल्याप्रमाणे नवा नमुना केला. खोक्याच्या झाकणावर आता फक्त रोमन नाव आहे, ७२ पॉइंटात, एका मरून शाईत आणि भोवती चार बोटे मोकळी जागा सोडून. खाकी पुठ्ठ्यावर थेट छापण्याऐवजी आर्ट पेपरवर ऑफसेटने छापून तो कागद झाकणावर चिकटवला. एच आणि यू दोन्ही अखंड आले. मराठी आणि कन्नड नाव खोक्याच्या पुढच्या कडेवर टायरोमध्ये घातले आहे, दोन्ही एकाच वजनात. कागद हातभर लांब धरून तिन्ही शब्द पाहिले. कन्नड किंचित फिके वाटले, म्हणून ते अर्धा पॉइंट वाढवले.

बहिणीने झाकण पाहून मान डोलावली, पण तिचे लक्ष कडेवरच्या मराठी शब्दावर जास्त वेळ होते. आई शेजारी बसली होती. तिने चष्मा लावून ‘शालू’ वाचला आणि ‘हे अक्षर छान आहे, आमच्या बालभारतीतल्यासारखे,’ असे म्हणाली. मी तिला ल आणि श विषयी काही सांगितलेले नव्हते. पाटी अद्याप व्हायची आहे. पितळी पत्र्याचा भाव काढला असून तो बहिणीच्या अंदाजापेक्षा बराच जास्त आहे, त्यामुळे बहुधा रोमन ओळ पाटीवरून काढून टाकण्यावर ती तयार होईल, असे दिसते. खानापूरच्या बंधूंना विनंती आहे की, फक्त कन्नड आणि मराठी अशा दोनच ओळी धरून, चार फूट रुंदीच्या पाटीचा अंदाजे खर्च कळवावा.